अबोलीवरचा पिवळा पतंग

३ ऑगस्ट
सकाळी न्हाणीघराच्या भिंतीवर नवा पतंग. करंगळीच्या नखाएवढा. हळदीसारखा पिवळा, पंखांवर दोन तपकिरी नागमोडी रेघा, कडेला बारीक झालर. उजेडात थोडी गुलाबी झाक. फोटो बरा आला. पुण्याला मुग्धाला पाठवला. भाचीची मैत्रीण, पतंगांवरच पीएच.डी. करते. पोस्टातून रिटायर झाल्यापासून पतंगांचे फोटो काढणं हाच माझा एक उद्योग.

५ ऑग.
मुग्धाचा फोन. आवाज चढलेला. "काकू, हा केरळात सापडतो, श्रीलंकेत सापडतो. गोव्याच्या वर मी तरी ऐकला नाही. फोटो नक्की मुरूडचाच ना?"
म्हटलं, आमच्या न्हाणीघराचाच.
पण एखाददुसरा वाऱ्याबरोबरही येतो म्हणे. अळी सापडली तरच तो इथला.
दिवसभर हवेत. आमटीत मीठ दोनदा.

९ ऑग.
सापडली! जाऊबाईंच्या अबोलीवर. पानाची सुरळी करून आत हिरवी अळी. अशा सात सुरळ्या.
पण त्यांनीही पाहिल्या. घरात आम्ही दोघीच. अबोली भाऊजींच्या हातची, ते गेल्यापासून देवाला रोज तिचाच गजरा. दुपारी फवारणीचा पंप बाहेर निघाला. फवारणी उद्या सकाळी.

१० ऑग.
धीर करून बोलले. "जाऊबाई, फवारू नका. ही इथली पहिलीच असेल कदाचित."
"अगो, अळी ती अळी. झाड मेलं तर? यांच्या हातचं आहे ते."
भिंग पुढे केलं. बराच वेळ बघत राहिल्या. मग पंप उचलून पडवीत ठेवला.
"कडेचं झाड तुझं. बाकीच्यांवरच्या मी हातानं वेचीन."
कडेच्या झाडाची फुलं तोडली नाहीत, आजचा गजरा आखूड. देवाने चालवून घेतला असावा.

१५ ऑग.
एक अळी बरणीत ठेवली होती, तिने कोष केला. मुग्धा म्हणते, अळीवरून खात्री नाही, तशा दुसऱ्याही असतात. पतंग बाहेर येऊ दे. २३ तारखेला येतेय. जाऊबाईंनी फोनवर तिला परस्पर विचारून ठेवलं, मासे खातेस का?

२२ ऑग.
कोष काळसर पडलाय, म्हणजे आज-उद्या. बरणी जाऊबाईंनी स्वयंपाकघरात नेली. "मी तिथेच तर असते."
विचारलं, साधाच कुठला निघाला तर?
"निघू दे. घरात जन्मलाय ना?"
ऊन छान पडलंय. कपडे वाळत घालायचे राहिलेत. पण आतून हाक, "अगो, धाव! हलतंय!"