मिस अर्लीनची टोमॅटोची रोपं

शनिवार, २९ मार्च
आणली! पिकअपच्या दोन खेपा भरून घोड्यांची लीद — आणि फुकट! गावाबाहेर एक तबेला आहे, त्यांना नकोच होती. गार्डनमधल्या चौदाही जणांच्या प्लॉटना पुरली. वॉल्टने स्वतः फावडं घेऊन उतरवायला मदत केली. हाच तो गार्डनचा प्रेसिडेंट, ज्याने मागच्या वर्षी आमच्या दुधीच्या मांडवावर 'काढून टाका' अशी नोटीस चिकटवली होती. आज म्हणाला, "यतीन, यू आर द मॅन!" सहा वर्षं झाली मॉरिसव्हिलच्या या कम्युनिटी गार्डनमध्ये, आज पहिल्यांदा माझं नाव नीट उच्चारलं. रेणू म्हणते, अंगाला वास येतोय. येऊ दे.

शनिवार, २६ एप्रिल
मिस अर्लीननी टोमॅटोची रोपं वाटली. दर वर्षीसारखी — प्रत्येकाला चार. बी त्यांच्या आईचं. आई गेल्यापासून त्याच दर वर्षी पिकल्या फळातून पुढच्या वर्षासाठी बी धरून ठेवतात. बाजारात नाही मिळत. जांभळट, वेडावाकडा टोमॅटो, पण चव! एकोणऐंशी वर्षांच्या, गुडघ्याला पट्टा, तरी प्रत्येकाच्या प्लॉटवर स्वतः येऊन देतात.
मांडवाच्या नोटिशीवर मीटिंग झाली तेव्हा एकट्या त्याच उठून बोलल्या होत्या. "माझे आजोबाही असेच वेल चढवायचे. लीव्ह देम अलोन."

रविवार, १८ मे
टोमॅटोच्या शेंड्याची पानं आत वळलीत, मूठ आवळल्यासारखी. शेजारच्या प्लॉटमध्येही तेच. ऊन असेल.

मंगळवार, २० मे
ऊन नाही. ऑफिसमध्ये काम सोडून तेच वाचत बसलो. घोड्यांच्या गवतावर तणनाशक मारलेलं असलं तर घोड्याला काही होत नाही, पण लिदीतून ते तसंच जमिनीत येतं. टोमॅटोची, घेवड्याची पानं अशीच वळतात. तबेल्यात विचारलं होतं का मी? नाही. फुकट म्हटल्यावर कोण विचारतो!
गॅरेजमध्ये एक पोतं उरलंय. दोन कुंड्या केल्या. एकीत लीद मिसळली, एकीत नुसती माती. दोन्हींत घेवडा पेरला. कळेलच.

शनिवार, ३१ मे
चौदाच्या चौदा प्लॉट गेले. वॉल्ट म्हणाला, "व्हायरस आहे. सगळ्यांकडे कॉमन काय? अर्लीनची रोपं." लिदीचं कोणाच्या मनातही आलं नाही. मिस अर्लीन तिथेच उभ्या होत्या. मी खाली वाकून बुटाची लेस बांधली. सुटलेली नव्हती.

गुरुवार, ५ जून
लिदीच्या कुंडीतला घेवडा वळला. दुसऱ्या कुंडीतला सरळ, हिरवागार.
रेणूला दाखवलं. म्हणाली, "आत्ता नको बोलूस. आत्ता कुठे लोक आपल्याशी दोन शब्द बोलायला लागलेत. म्हणतील, बघा, हे इंडियन लोक!" रुही जेवता जेवता म्हणाली, "बाबा, जस्ट टेल देम. व्हॉट्स द बिग डील?" चौदा वर्षांची आहे.
शनिवारी सांगतो.

शनिवार, ७ जून
सगळ्यांनी झाडं उपटली. काळ्या पिशव्यांत भरून कचऱ्यात. मिस अर्लीन प्रत्येक प्लॉटपाशी जाऊन माफी मागत होत्या. माझ्याकडेही आल्या. हातमोजा काढून माझा हात धरला. "तुझ्या मुलीला आवडतात ना ते टोमॅटो? आय ॲम सो सॉरी, हनी."
आणि मी काय म्हणालो? — "इट्स ओके." इट्स ओके! मी माफ केलं त्यांना!

रविवार, ८ जून
जेवण गेलं नाही. रेणूने विचारलं नाही.

शनिवार, २१ जून
मिस अर्लीननी प्लॉट सोडला. सत्तावीस वर्षांनी. गार्डन सुरू करणाऱ्यांतल्या त्या शेवटच्या. फाटकावर त्यांच्या हातची चिठ्ठी: वेटिंग लिस्टवरच्या कोणाला तरी द्या, माझ्यामुळे आणखी नुकसान नको. लोक वाचून पुढे जात होते.
मला वाचवेना पूर्ण.

शनिवार, २८ जून
सांगितलं. आज मीटिंगमध्ये. दोन्ही कुंड्या घेऊन गेलो, टेबलावर ठेवल्या. "व्हायरस नव्हता. माझी लीद होती."
वाटलं होतं, तोंडावर बोलतील. कोणी ओरडलं नाही! वॉल्ट म्हणाला, "ऑनेस्ट मिस्टेक. आणि अर्लीनला तर मीच बोल लावला." त्याचे डोळे ओले होते. पुढच्या शनिवारी सगळे मिळून वरची माती काढणार. दुधीच्या मांडवासाठी त्याच्याकडे जुने पाइप पडलेत, तेही देतो म्हणाला. पाठीवर किती हात पडले!
कधी कळलं, हे मात्र कोणी विचारलं नाही.
मिस अर्लीन आल्या नव्हत्या. उद्या घरी जाऊन सांगतो — प्लॉट तुमचाच आहे, पुढच्या वर्षी रोपं तुम्हीच द्यायची. आज पोटभर जेवलो.

रविवार, २९ जून
गेलो. व्हरांड्यात बसल्या होत्या. सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, "बी नाही आता. रोगट बी कोणाच्या हाती लागायला नको म्हणून जाळलं." आमच्यापैकी कोणाकडे एक दाणा नाही — त्या दर वर्षी देतातच, कोण ठेवतो!
"तुला कधी कळलं, यतीन?"
"पाच जूनला."
"मी दहाला जाळलं."