वळणावरचं अक्षर

ठाणे, १२ मार्च १९५९

प्रिय बायजा,

तुझी लेक शालू तीन दिवस शाळेत आलेली नाही. ताप असेल, पाहुणे आले असतील, असं मी वर्गाला सांगितलं. मलाच ते पटलं नाही.

तू माझ्याकडे चौथीत होतीस तेव्हा मी ओवी शिकवत होतो. ओळीला आठ अक्षरं, बोटांवर मोजायची. त्या मोजदादीचा मला कोण अभिमान! प्रत्येकाने एकेक ओवी रचून आणायची होती. तुझ्या वहीत होतं, ‘डोईवर मीठ माझं, पायाखाली बांध ओला, वळताना थांब गो.’ शेवटच्या ओळीत सातच अक्षरं. मी लाल शाईने ‘गो’ खोडून ‘बाई’ केलं. तू उभी राहिलीस. ‘गुरुजी, तिकरं वळनावर पाय थांबतो,’ म्हणालीस आणि जमिनीवर पायाने ताल धरून दाखवू लागलीस. पोरं हसली. पाय थांबव, हा तमाशा नाही, असं मी ओरडलो. तेवढ्यावर तरी थांबायचं! पण तुझे वडील गोमाजी बाजारात भेटले, तेव्हा त्यांनाही सांगितलं की पोरीचं शाळेत लक्ष नाही. दुसऱ्याच दिवशी तू मिठागरावर गेलीस. एका अक्षरापायी मी तुझी शाळा घालवली. याची मला लाज वाटते, आणि ती आज वाटायला लागलेली नाही.

काल शाळा सुटल्यावर कोपरीच्या आगरावर आलो होतो. तुम्ही बायका डोक्यावर मिठाच्या टोपल्या घेऊन बांधावरून गात चालला होतात. वळण आलं की प्रत्येकीचा पाय चिखल चाचपत क्षणभर थांबे, गाणंही थांबे, टोपली सावरली की पुढची ओळ. तुझं आठवं अक्षर तिथे होतं. मी अठरा वर्षं ते बोटांवर शोधत होतो. हाक मारणार होतो, पण ओळीच्या शेवटी लहानशी टोपली घेतलेली शालू दिसली आणि माझा धीर सुटला. तसाच परत फिरलो.

आता खरं लिहितो. सोमवारी कविता म्हणताना शालू पायाने ताल धरत होती. मी वहीतून मान वर न करताच म्हणालो, पाय थांबव. तेच शब्द, बायजा. तिने घरी सांगितलंच असेल. मला काय बोलायचं ते चारचौघांत येऊन बोल, मी ऐकून घेईन. पण उद्या तिची टोपली उतरव आणि तिला पाठव. तिने ताल धरावा, मुलांनी तिच्यामागून धरावा. मी मोजणार नाही.

तुझाच अपराधी,
भालेराव गुरुजी