पापडांवरचे कावळे

रत्नागिरी,
२१ मे २०२६

प्रिय दिशा,

बाबा जाऊन आज पंधरा दिवस झाले. सकाळी पाणी भरले, फणसाचे उरलेले पापड चादरीवर वाळत घातले. मग हॉस्पिटलविरुद्ध तू लिहिलेली तक्रार वाचली. डोळ्यांचे खोटे औषध देऊन बाबांना फसवले, असे तू म्हणतेस. ती पाठवण्याआधी हे वाच.

मार्चमध्ये तुझ्या आग्रहावरून बाबांच्या डोळ्यात इंजेक्शन देताना डॉक्टर म्हणाले होते, पडद्यातल्या मेलेल्या पेशी परत येणार नाहीत. पण हे रसायन उजेड पडला की काम करते आणि उरलेल्या पेशींना तो कळवते. फार तर उजेड-अंधार, हलती सावली दिसेल, तीही महिना-दोन महिने. मला पटले नव्हते. सोळा वर्षांचा अंधार सुईने कसा जाईल?

आठवड्याने बाबा म्हणाले, "खिडकी पांढरी वाटते." तुला बरे वाटावे म्हणून बोलतात, असा मला संशय आला. बांगड्या काढून मी गुपचूप दारात उभी राहिले. "सरक, उजेड अडवलास," म्हणाले. मी म्हटले, साबणाचा वास आला असेल. खिडकीवर चादर टाकली, तेही ओळखले. मी म्हटले, वारा थांबलेला कळला. असे पंधरा दिवस चालले. एकदा हसून म्हणाले, "बाई, शाळेतून निवृत्त झालात, परीक्षा घ्यायच्या सोडल्या नाहीत!" त्यानंतर खिडकीचे नाव काढले नाही. एप्रिलच्या तपासणीत डॉक्टरांना सांगितले, काही दिसत नाही. पुढचे इंजेक्शन रद्द झाले. माझेच खरे ठरले, असे मला वाटले.

दहाव्याला पिंडाला कावळा शिवेना. हॉस्पिटलला सोडणार नाही, असे तू हात जोडून सांगितलेस, तरी नाही. शेवटी दर्भाचा कावळा करावा लागला.

काल शेजारच्या यमुनाबाई आल्या. एप्रिलभर मी बाजारात गेले की पापड त्याच राखतात असे मी धरून चालले होते, म्हणून डबाभर पापड दिले. त्या म्हणाल्या, "अगो, मी कसली राखत्ये? तुझे हे राखायचे. चादरीवर कावळ्याची सावली पडली की काठी आपटायचे. महिनाभर हाकलल्यावर कावळे पिंडाला येतील होय?" मी म्हटले, पंखांचा आवाज येत असेल. "नुसता वरून गेला तरी?" त्यांनी विचारले.

दिशा, औषध खोटे नव्हते. बाबा "नाही" म्हणाले ते माझ्यामुळे. हे तुला फोनवर सांगवले नसते, म्हणून लिहिले. तक्रार पाठवू नकोस. पाठवलीसच, तर त्यात माझे नाव घाल. चादरीवर आता कावळा उतरला आहे. काठी दारामागे आहे. तो खाऊन गेला की पापड उलटायला उठेन.

तुझीच,
आई