गणपत पाटलांच्या रिव्हॉल्वरची मूठ

१० इस्फंदार (सरकारी फसली महिना), जुम्मा
सुट्टी. सकाळीच बिडकीनहून गणपत पाटील आले. हुरड्याचं बोचकं आणि धोतराच्या फडक्यात गुंडाळलेलं त्यांच्या वडिलांचं रिव्हॉल्वर. थोरले पाटील जाऊन दुसरं वर्ष. परवाना आता यांच्या नावावर झालाय. पोलीस ठाण्यात अमीनसाहेबांना सांगून, त्यांची चिठ्ठी घेऊनच माझ्याकडे ठेवतायत. मुठीचं लाकूड चिरलंय, नळीवर गंज. म्हणाले, "मूठ बदला आन् गंज तेवढा काढा. बाकी काय नगं."

मी तहसीलीत कारकून. पण घरच्या पडवीत लोखंड आवळून धरायचा व्हाइस आहे, कानशी आहेत, लोकांची घड्याळं दुरुस्त करतो, हे बिडकीनपर्यंत गेलंय. ऐकून बरं वाटलं. खोटं कशाला लिहू.

१२ इस्फंदार
कचेरीतून आल्यावर सगळं सुटं केलं. जुन्या चालीचं आहे, दर बाराला घोडा अंगठ्यानं मागं ओढावा लागतो. सहा घरांचं चाक अजून घट्ट. कुणा रिसालदारानं थोरल्या पाटलांवर खूश होऊन दिलं होतं म्हणे. लोखंड उत्तम, निगा शून्य. मुठीच्या पाठीला जी लोखंडी पट्टी आहे तिच्यावर तर ओरखडेच ओरखडे, खिळ्यानं खरवडावं तसे. कुणी लोखंडाशी असं कसं वागतं?

१४ इस्फंदार
शिसवाचा तुकडा मिळाला, गडद, रेषा सुंदर. मूठ याचीच.
सौ. म्हणाली, "सांगितलंय तेवढं करून द्या." तिला प्रत्येक कामात हेच सुचतं. माझं मात्र मनात ठरलं होतं. पाटलांनी फडकं उघडलं की त्यांना ओळखूच येऊ नये.

१७ इस्फंदार, जुम्मा
शहागंजात करीम उस्तादांकडे गेलो. शिकलगार आहेत, तलवारी-जंबियांना पाणी देण्यात हयात गेली. नळीला निळा-काळा रंग कसा चढवू हे विचारायचं होतं. त्यांनी रंगाचं सांगितलं, नीट सांगितलं. मग पट्टी उन्हाकडे धरून बराच वेळ बघत बसले.
"ह्या रेघा ऱ्हाऊ द्या, साब. पैले मालकाला इचारा."
मी म्हटलं, ओरखडे आहेत, त्यात काय विचारायचं. म्हणाले, "ओरखडा एका बाजूला जातो. हे कुणी बसून केलंय. आमच्यात रीत हाय, दुसऱ्याच्या हाताचं काय बी घासायचं तर इचारून घासायचं."
म्हातारपणी मेहनत नको वाटते माणसाला, असं मनात म्हणून मी उठलो. हे इथे जसंच्या तसं लिहून ठेवतोय.

१९ इस्फंदार
पट्टी घासली. आधी कानस, मग काचकागद, मग तेल. दोन रेघा खोल होत्या, त्यांना वेळ लागला. आता आरसा. मिशीचा केसन् केस दिसतो.

२४ इस्फंदार, जुम्मा
रंग चढला. निळा, जवळजवळ काळा. एवढा एकसारखा बसेल असं वाटलं नव्हतं. दिवसभर पडवीतच. जेवण दोनदा गरम करावं लागलं.

२६ इस्फंदार
पट्टी मोकळी मोकळी वाटत होती. कोरणी घेतली. दोन बाजूंनी द्राक्षाचा वेल, मधे "ग. पा.", वळणदार. 'पा'चा काना थोडा लांबला, पण तो वेलात सामावून घेतला. आजवर माझ्या हातून इतकं चांगलं काम झालं नव्हतं. सौ.ला दाखवलं. म्हणाली, छान आहे. मग म्हणाली, विचारलं होतंत का?

३ फरवर्दी
ग. पा. आले. फडकं उघडलं. मी समोर बसून त्यांच्या तोंडाकडे बघत होतो, शाबासकीची वाट बघणाऱ्या पोरासारखा.
रिकामंच होतं; घोडा तीनदा ओढून सोडला. मूठ हातात धरली. मग अंगठा मुठीच्या पाठीवरून खाली नेला, वर नेला, परत खाली.
"आबाचा नांगर कुठंय?"
मला कळेना. कसला नांगर? मग त्यांनी सांगितलं, माझ्याकडे न बघता. थोरल्या पाटलांना अक्षर येत नव्हतं. शेवटच्या दुखण्यात बाजेवर बसून खिळ्यानं आठ दिवस ती पट्टी कोरत होते. त्यांची निशाणी. हे माझं, आता तुझं, असं म्हणून दिलं.
"मी अंगठा तितंच ठिवायचो," म्हणाले.
मग म्हणाले, काम चांगलं झालंय. चहा ठेवला होता. थांबले नाहीत.

४ फरवर्दी
रागावले असते तर बरं झालं असतं. चांगलं झालंय म्हणाले, ते दिवसभर कानात.

५ फरवर्दी
कचेरीत आज एका कास्तकारानं माझ्यासमोर निशाणी केली. एक उभी रेघ, एक तिरपी, खाली फाळाचं टोक. माझ्या टेबलावर रोज नांगर काढले जातात. ज्याला सही येत नाही तो नांगर काढतो, आणि शेजारी त्याचं नाव मी लिहितो. सतरा वर्षं हेच काम. कागदावर असता तर झोपेतही ओळखला असता. लोखंडावर दिसला तर मला ओरखडे वाटले. एक शिकलगार ओळखतो आणि मी ओळखत नाही.
मला माझी लाज वाटते. हात चांगला असण्याचा माज होता, दुसरं काही नाही.

९ फरवर्दी
दफ्तरखान्यात बिडकीनचे जुने बस्ते काढले. धुळीनं खोकला. दुपारी सापडलं. थोरल्या पाटलांची जमिनीची कबुलियत, मजकूर उर्दूत, खाली नांगर. फाळ डावीकडे. बाकी सगळ्यांचा उजवीकडे असतो. डावखुरे असणार.
आणि शेजारी, "निशाणी नांगर", पुढे त्यांचं नाव, त्याखाली दस्तूर, म्हणजे लिहिणारा, म्हणून माझं. माझंच अक्षर. तेव्हा नवा होतो, काना असाच लांब काढायचो.
म्हणजे हा नांगर मी पाहिलेला होता. त्याला साक्ष होतो.

११ फरवर्दी
पातळ कागदावर तो नांगर उतरवून घेतला आणि उस्तादांकडे नेला. वेल घासून टाकून त्या जागी हा खोदता येईल का? आपली चूक त्यांच्यापुढे कबूल केली. "मी म्हटलं होतं" असं ते म्हणाले नाहीत. कागद गुडघ्यावर पसरून बघितला.
"खोदून देईन. हुबेहूब देईन. पण खोदायचा का नाय, ते तुमी ठरवायचं नाय, साब."
कागद खिशात घालून परत आलो.

२० फरवर्दी
ग. पा.ना दोन पत्रं पाठवली. उत्तर नाही. पत्रात तरी काय लिहिणार होतो. माफी लिहिली. दुसऱ्यात नांगर सापडल्याचं आणि शहागंजातले शिकलगार काय म्हणाले ते लिहिलं. परत वाचताना दिसलं, दोन्हींत मी मेहनत किती घेतली तेही लिहिलंय. ते कशाला लिहिलं?

२ अर्दिबेहेश्त
आज ग. पा. कचेरीत आले. जमिनीच्या कागदावर सही करायची होती, काम माझ्याच टेबलावर. रामराम झाला, त्यापुढे काही नाही. मी खिशातला कागद काढून समोर ठेवला. रोज बरोबर वागवतो. घडीवर तो मळलाय.
बघितला. फाळावर अंगठा ठेवला, उचलला.
"हा सरकारासाठी काढलेला. तो माज्यासाठी काढला होता."
मी म्हटलं, माझं चुकलं. एवढंच म्हटलं, पुढे काही जोडलं नाही.
त्यांनी टाक घेतला. ते मोडीत झकास सही करतात, चार वेळा बघितलीय. आज टाक डाव्या हातात घेतला आणि नांगर काढला. फाळ डावीकडे, रेघ जरा थरथरली. सही येते की तुम्हाला, असं ओठावर आलं होतं. गिळलं.
नियमाप्रमाणे शेजारी नाव मलाच लिहावं लागतं. मी टाक हातात धरून बसलो. ते उभे राहिले, वाट बघत. मग लिहिलं. निशाणी नांगर, गणपत पाटील, दस्तूर माझा. काना आखूड काढला.
पातळ कागद त्यांनी उचलून घेतला. निघताना दारात थांबले.
"ते शिकलगार अजून शहागंजातच बसत्यात का?"
बसतात, म्हटलं.
बरं, म्हणाले. खांद्याला पिशवी होती, जड दिसली. आत काय आहे ते मी विचारलं नाही. खिडकीतून बघितलं. ते फाटकाशी जरा थांबले. तिथून एक रस्ता शहागंजाकडे जातो आणि दुसरा बिडकीनला. तेवढ्यात साहेबांनी हाक मारली.