साहेबबाबाची शांपेन आणि ठमीचा कोंबडा

मी, हिरामण आबाजी ठोंबरे, वय साठीच्या पलीकडे, जात मराठा, धंदा आधी खानसामा व नंतर शेती, राहणार पळसदरी, तालुका कर्जत, जिल्हा कुलाबा, आज हे मृत्युपत्र लिहवून ठेवतो. माझं डोकं ठिकाणावर आहे. बरगड्या नाहीत. माझा सख्खा पुतण्या नामा आणि त्याच्या बरोबरच्यांनी त्या लाथांनी मोडल्या आणि आता खोकलो की रक्त पडतं. कर्जतच्या डॉक्टरने तोंड फिरवून औषध दिलं, त्यावरून मी काय ते समजलो. मजकूर लोधिवलीचे नागू गुरव लिहीत आहेत. ते मधूनमधून म्हणतात की असलं बोलणं मृत्युपत्रात बसत नाही. मी म्हटलं, बसवा.

माझी बायको बायजा वारली. मूलबाळ नाही. यापूर्वी मी कोणतंही मृत्युपत्र केलेलं नाही आणि यापुढे करायला उसंत मिळेल असं दिसत नाही.

कलम पहिलं. माझं राहतं घर, मागची विहीर आणि दोन्ही फणस बायजाची धाकटी बहीण भागूबाई, राहणार चौक, हिला द्यावेत. तिने एकदा भर पंगतीत मला वाढायचा डाव फेकून मारला होता. चूक माझी होती, म्हणून घर तिला. सदर घराच्या उंबऱ्याच्या आत नामाने पाऊल टाकू नये. माझ्या तेराव्यालासुद्धा टाकू नये.

कलम दुसरं. माझा कोयता ठमी, पोशा ठाकराची विधवा, राहणार वरची वाडी, हिला द्यावा. कोयत्याला धार आहे. धोंडी लोहाराने कालच लावून दिली, पैसे घेतले नाहीत. हा कोयता तिलाच का, ते लिहिल्याशिवाय पुढची कलमं कळायची नाहीत, म्हणून लिहितो.

यंदा जेठात गावातले बैल बुळकांडीने मेले. नामा गावचा भगत. त्याच्या अंगात आलं आणि अंगात येऊन तो म्हणाला की ठमीने साहेबबाबाला गेल्या वर्षी आखाडाच्या अवसेला दिलेला कोंबडा खोटा होता. साहेबबाबा म्हणजे कोण ते खाली येईल. सहा बाप्ये वाडीवर गेले. केस धरून त्यांनी त्या म्हातारीला उतारावरून फरफटत खाली आणली, थडग्यापुढे पाडली आणि निगडीच्या ओल्या फोकांनी झोडली. तिचा डावा हात मोडला तो आवाज मी माझ्या पडवीत ऐकला. मी कोयता घेऊन धावलो. नामाने फोक माझ्यावर उगारला, तेव्हा त्याच्या उजव्या हाताची दोन बोटं मी तिथेच चिखलात पाडली. त्याचं मला काडीचं वाईट वाटत नाही. मग त्यांनी मला खाली घालून तुडवलं. शेजारची सोनुबाई मध्ये पडली नसती तर हे लिहवायला मी नसतो.

जाताना नामा हात फडक्यात गुंडाळून म्हणाला, "आखाडाच्या अवसेला कोंबडा नाय द्यायचा. ठमीच देऊ."

सगळं गाव तिथे होतं. एकानेही त्याच्या थोबाडीत दिली नाही. आखाडाची अवस आता तोंडावर आली आहे. हे मृत्युपत्र त्यासाठी आहे. घरदाराचं काय, ते कोणीही वाटून घेतलं असतं.

कलम तिसरं. ग्रेसन साहेबाचे उंच बारीक काचेचे पेले माझ्या फडताळात आहेत, ते भागूबाईने हवे तर विकावेत, हवे तर फोडावेत. जर्मनीच्या लढाईच्या दिवसांत हा साहेब खडीच्या खाणीचा मालक होता. आमच्याच जमिनीचा तुकडा भाड्याने घेऊन त्याने बंगला बांधला आणि मला खानसामा ठेवला. त्याला शांपेन लागे आणि शांपेनबरोबर चिरूट लागे, आणि दोन्हींची जोडी जमावी लागे. कोरड्या शांपेनीला फिक्या पानाचा हलका चिरूट. गोडसर शांपेनीला काळा, जड. बाटली विहिरीत सोडून गार केलेली हवी. आधी घोट, मग झुरका, धूर पुरता सोडल्यावर पुन्हा घोट. हे मला त्याने शिकवलं ते तोंडाने नव्हे. जोडी चुकली की पेला माझ्या तोंडावर फुटे आणि पेटता चिरूट माझ्या दंडावर विझे. माझा पुढचा दात त्याच शाळेत गेला. दंडावरचे डाग माझ्या प्रेताला आंघोळ घालणाऱ्यांनी बघून घ्यावेत.

गुरव विचारतात, दागदागिन्यांचं कलम कधी येणार. दागिने नाहीत. पुढे लिहा म्हटलं.

कलम चौथं. यात देण्याघेण्याचं काही नाही, पण हे लिहायचंच. पोशा ठाकर साहेबाच्या शिकारीत हाकाऱ्यांचा म्होरक्या होता. मधाची पोळी काढायला तो कड्यावर असा चढे की खाली आम्ही देवाचं नाव घेत बसू. माझा मित्र होता. एका मार्गशीर्षात शिकार झाली, साहेब आणि त्याचे दोन पाहुणे पुढे ओटीवर बसले होते. तळाशी उरलेली शांपेन आणि अर्धा चिरूट मी मागच्या अंगणात पोशाला दिला. त्याने झुरका मारला आणि धूर तोंडात असतानाच घोट घेतला. नाकातून फेस आला. हसता हसता तो खाली बसला. म्हणाला, "हिरामण, ह्या पान्यात मुंग्या सोडल्यात रं."

ते हसणं साहेबाच्या कानावर गेलं. त्याने पोशाला पुढे बोलावलं आणि मोडक्या हिंदीत म्हणाला की जोडी आवडली काय, मग आम्हालाही दाखव. पोशाला ऐनाच्या झाडाखाली उभा केला. चिरूट पेटवून त्याच्या तोंडात दिला, बाटली डोक्यावर ठेवली. मला ट्रे धरून जागचं हलू नको म्हणून सांगितलं आणि एका पाहुण्याने बंदूक माझ्याकडे वळवून ठेवली. पहिल्या गोळीने बाटली फुटली. पाहुण्यांनी टाळ्या वाजवल्या. दुसरी गोळी चिरूट उडवायला होती. पोशाच्या डोळ्यात काच गेली होती, त्याने मान फिरवली. गोळीने त्याचा जबडा नेला. डोलीतून वाडीवर पोचेपर्यंत तो घरघरत होता. ठमी दारात उभी होती, पोटात मूल होतं. ते पुढे जगलं नाही.

मी फौजदाराला जसं घडलं तसं सांगितलं. त्या वेळच्या पाटलाने आणि पाहुण्यांनी सांगितलं की हाक्यात पोशा चुकून गोळीपुढे आला. मला चावडीत उलटा टांगून पायांच्या तळव्यांवर मारलं, तरी त्यांच्या कागदावर मी सही केली नाही. त्यांना माझ्या सहीची गरजही नव्हती.

लोक मला विचारत आले की तरी तू त्याच्याकडे का राहिलास. मला त्याला मरताना बघायचं होतं, म्हणून राहिलो. बघितलं.

चैत्रात साहेब पुण्याकडून मोटारीने आला. शांपेन उन्हात तापलेल्या मोटारीत पडली होती. तलवारीच्या एका फटक्यात बाटलीची मान उडवायची त्याला खोड होती. मी म्हटलं, साहेब, बाटली तापली आहे, विहिरीत सोडतो. त्याने तलवारीचं पातं आडवं करून माझ्या कानशिलावर मारलं. मी बाजूला झालो. बाटली त्याच्या हातातच फुटली आणि काच गळ्यात शिरली. तोंडातला चिरूट ओटीवर पडून जळत राहिला. तो माझ्याकडे बघत होता. मी ट्रे धरून उभा होतो. त्या दिवशी तो खाली ठेवायला मला कोणी सांगितलं नाही.

कलम पाचवं, आणि हे नामासाठी. नामाला माझ्या माळ्यावरच्या सोड्याच्या रिकाम्या बाटल्या द्याव्यात. बाकी माझ्या स्थावरजंगमावर त्याचा हक्क नाही, संबंध नाही.

बाटल्या का, ते गावाने नीट ऐकावं. साहेब अपमृत्यूने मेला, बंगल्यापुढेच पुरला गेला, आणि गाव घाबरलं. नामाचा बाप, म्हणजे माझा भाऊ, तेव्हा भगत होता. त्याने सांगितलं की मेल्याला जे आवडे ते आखाडाच्या अवसेला दिलं नाही तर तो गुरं खाईल, माणसं खाईल. झाला साहेबबाबा. शांपेन आणि चिरूट मी मांडायचा, कारण जोडी मलाच कळते. आणि पोशाचा घास साहेबाने घेतला म्हणून पोशाचं घर साहेबाला बांधलेलं, सबब कोंबडा दर वर्षी ठमीने आणायचा. ज्याने नवरा मारला त्याला तिने कोंबडा द्यायचा, आणि मान खाली घालून द्यायचा. मी भावाशी भांडलो. सगळं गाव एका बाजूला, मी एका बाजूला. मग मी भांडणं सोडलं आणि मला सुचलं ते केलं.

साहेबाने तळघरात ठेवलेल्या शांपेनच्या पेट्या माझ्याकडेच होत्या. दर आखाडाच्या अवसेला गावादेखत मी थडग्यावर जी बाटली ओतली तिच्यात सोडा होता. फेस यायचा, गाव हात जोडायचं. पुढे जो चिरूट जळायचा तो मी तंबाखूच्या काड्या आणि पळसाच्या पानांचा वळलेला असायचा. पहिल्या वर्षापासून गेल्या वर्षापर्यंत साहेबबाबाने शांपेनचा एक थेंब चाखलेला नाही. इतकी वर्षं तुमची गुरं जगली, पोरं वाढली, नामाचं लग्न झालं, ती सगळी सोड्यावर.

खरी बाटली दुसऱ्या दिवशी मी वाडीवर नेत होतो. पोशाच्या नावाचा दगड ठमीने परड्यात उभा केला आहे. निम्मी त्याच्यावर, निम्मी आम्ही दोघं. पहिल्यांदा ठमी म्हणाली, "मला नाय गोड लागत, पर धूर बरा हाय." पुढे तिला दोन्ही आवडायला लागलं.

कलम सहावं. थडगं ज्यात आहे तो वडिलोपार्जित तुकडा, पूर्वेला ओहोळ, पश्चिमेला गाडीवाट, उत्तरेला सरकारी जंगल, दक्षिणेला धोंडी लोहाराचं शेत, हा वाटणीत माझ्याकडे आला व माझ्या एकट्याच्या वहिवाटीत आहे. तो ठमीला व तिच्यामागे तिचा थोरला मुलगा कमळ्या याला द्यावा. कमळ्याने तो नांगरावा. थडगं आड आलं तर थडग्यावरून नांगरावा. नाचणी चांगली येईल.

कलम सातवं. हे मृत्युपत्र आखाडाच्या अवसेच्या आधी, थडग्यापाशी, सगळ्या गावापुढे वाचावं. तोवर मी जिवंत असलो तर मला बाजेवर घालून न्या, मीच वाचीन. नसलो तर धोंडी लोहाराने वाचावं, त्याचा आवाज मोठा आहे.

नामा आता म्हणेल, साहेबबाबा कोपला तो यामुळेच. बरं तर. तुमच्याच रीतीने बोलू. ज्याने नैवेद्य खोटा केला त्याच्यावर कोप, की नाही? तो मी केला. ठमीचा कोंबडा दर वर्षी खरा होता, खुराड्यातला सगळ्यात चांगला. फसवलं ते मी. तेव्हा त्याला माणूस हवंच असेल तर ते मी आहे, आणि मी निघालोच आहे. माझी चिता त्याच्या थडग्याला लागून रचा. देणं फिटलं. यानंतर ठमीच्या अंगाला जो हात लावील त्याला साहेबबाबाचं कारण सांगता येणार नाही. तो नुसता खुनी, आणि फौजदाराने त्याला तसाच धरावा. या कागदाची एक नक्कल सही होताच कर्जतच्या कचेरीत जाईल.

कलम आठवं व शेवटचं. एक बाटली उरली आहे. कोरडी. ती माझ्या विहिरीत दोराला बांधून सोडली आहे. तिच्या जोडीचा हलका चिरूट चुलीमागच्या मडक्यात ओल्या फडक्यात आहे. मी मेल्यावर दोन्ही वाडीवर न्यावीत आणि पोशाच्या दगडापुढे उघडावीत. निम्मी त्याला. बाकीची ठमीने एकटीने प्यावी, तिचा एक हात मोडला आहे, म्हणून पेला कमळ्याने धरावा. पोशाला घाईने पाजू नका. धूर सोडू द्या, मग घोट, नाहीतर पुन्हा नाकात जाईल.

माझ्या चितेवर माझा ट्रे ठेवा. साहेबाने तिकडे शांपेन मागितली तर मी त्याला सोडा देईन.

हे मृत्युपत्र मी राजीखुशीने, कोणाच्या धाकाने नव्हे, उलट धाक असतानाही, वाचून घेऊन कबूल केलं आहे.

मुक्काम पळसदरी. शनिवार, तारीख ९ जुलै १९३२.

सही: हिरामण आबाजी ठोंबरे

साक्षीदार:
धोंडी लोहार, राहणार पळसदरी. सही.
सोनुबाई, राहणार पळसदरी, डाव्या अंगठ्याची निशाणी. माझ्यादेखत हिरामणभाऊंनी सही केली. त्या दिवशी थडग्यापाशी मी होते आणि वर लिहिलं ते खरं आहे. अवसेला मी ठमीच्या शेजारी उभी राहीन.

लिहिणार: नागू गुरव, राहणार लोधिवली. सांगितलं ते सगळं बसवलं.