हुस्नबानोचं विमान समुद्रावर असताना

करंजाडे, पनवेल

आदरणीय शाहीदभाई,

अस्सलामु अलैकुम. तुम्ही, भाभीजान आणि मुलं खैरियतीने असाल, आणि डॉक्टरांनी बंद केलेल्या दोह्याच्या खजुरांवर तुमचा हात जात नसेल अशी उमेद करतो. इथे अल्हम्दुलिल्लाह सगळं ठीक. (गेल्या सोमवारी लिहिलं असतं तर माझं अक्षर तुम्हाला लागलं नसतं.)

तुमची बहीण आमच्या लेकीच्या, सायमाच्या बाळंतपणासाठी ऑकलंडला गेली, हे तुम्हाला ठाऊकच आहे. जी हुस्नबानो करंजाड्याहून मार्केटात येताना रिक्षावाल्याला चारदा विचारते, "बरोबर चाललोय ना?", ती एकटी जगाच्या त्या टोकाला! दोह्यात विमान बदलून तिने फोन केला, "बसले बघा, आता बंद करते," आणि खरंच बंद केला. मी दुकानात येऊन तिकीट पाहिलं. निघणार सोमवारी पहाटे, पोचणार मंगळवारी पहाटे. म्हणजे अख्खा दिवस आणि रात्र हवेत! एवढं इंधन ठेवतात कुठे? शेजारच्या चष्म्याच्या दुकानातला विश्वजीत म्हणाला, "ताहेरभाई, तिथलं घड्याळ आपल्या पुढे असतं. खरे तास सोळा-सतराच. अंतर साडेचौदा हजार किलोमीटर." त्याला वाटलं, मला धीर आला. अहो, अंतर मला तोवर माहीतच नव्हतं! शंभराहून जास्त वेळा महाड गाठावं इतकं ते, आणि वाटेत चहाला उतरायची सोय नाही.

मग त्याने माझ्या फोनवर नकाशा लावून दिला. त्यात इवलंसं पिवळं विमान. ते सरकलं की मी श्वास घ्यायचो. एका बाईने काचेच्या बरणीचा भाव विचारला, तर मी म्हणालो, "दहा हजार मीटर." (बाई गेल्या.) आणि दुपारी, खाली नुसता समुद्र असताना, विमान नकाशावरून नाहीसं झालं.

विश्वजीत जेवायला गेलेला. मी दुकान उघडं टाकून मशिदीत धावलो, दिसेल त्याला दुआ करायला सांगितली. परत येऊन दुकानाच्या पायरीवरच बसलो. समोर भाजी विकणारी कोन गावची सखूबाई पाणी घेऊन आली. "शेठ, माझा पोर मालाचा टेलर घेऊन लांब जातो, चार दिस फोन लागत नाय. मी पन अशीच बसते. पानी प्या तुमी." आणि टोपली तशीच सोडून माझ्याजवळ बसून राहिली.

विश्वजीत आला. समुद्रावर कधीकधी दिसत नाही म्हणाला. संध्याकाळी विमान पुन्हा उगवलं, रात्री उतरलं. तरी हिचा फोन बंदच! शेवटी सायमाने लावून दिला. तुमच्या बहिणीचं पहिलं वाक्य: "फ्रिजमधली भाजी खाल्लीत ना?" मी हो म्हणालो. (नव्हती खाल्ली.) प्रवास कसा झाला? "दोनदा जेवले, झोपले, उठले तर ऑकलंड."

तेव्हा काळजीचं काही कारण नाही. विमानप्रवास अगदी सोपा असतो, असं मी मार्केटात सगळ्यांना सांगतो आहे.

सर्वांना सलाम.

तुमचा,
ताहेर

ता. क. सायमाला गुरुवारी मुलगी झाली. दोघी खुशाल आहेत. फोटोत मुलीने मूठ घट्ट आवळलेली आहे.

ता. क. २. सायमा म्हणते, अब्बा, तुम्हीही या. मी गुडघ्याचं कारण सांगितलं. गुडघा ठणठणीत आहे. फोनवर बोललो तर हुस्नबानोपर्यंत पोचेल, म्हणून ही चिठ्ठी पुतण्या नोमानच्या हाती पाठवतो. तुम्ही इतकी वर्षं विमानाने ये-जा करता. दोह्यापासून पुढे माझ्याबरोबर याल? बोलायचं काही नाही, नुसतं शेजारी बसायचं. मला नात बघायची आहे.