एकटी पांढरी चादर

३ मार्च

करवसुलीचा कुलूपसाहेब आज दादाच्या साबणाच्या कढईला कुलूप ठोकून गेला. आतला साबण अर्धवट शिजलेला — गेला फुकट. साबणावर कर म्हणे! समुद्रापलीकडे बसलेल्या सरकारला आमचा मळ दिसला कुठून? आधी कर भरायचा, मग साहेब येऊन झाकण उघडणार, आणि तो उभा असेल तोवरच शिजवायचं. दादा म्हणाला, "राहू दे कुलूप. मी भरणार नाही." माझा भाऊ शोभतो.

५ मार्च

बाजारात ठरलं. सरकारी शिक्क्याचा साबण कुणी घ्यायचा नाही, मळकं राहायचं. माझ्या धुलाईच्या दुकानाचं काय, हे कुणी विचारलं नाही. हात वर करणाऱ्यांत मीच पहिली, तेव्हा बोलणार कुणाला!

१४ मार्च

कपडे नुसत्या पाण्यात बडवते. सगळं गाव राखाडी झालंय. मास्तर तर मळकी कॉलर ताठ करून नवरदेवाच्या ऐटीत हिंडतात.

कुलूपसाहेबाची बायको गाठोडं घेऊन आली. इथलीच, खालच्या गल्लीतली. पण आता तिच्याशी कुणी बोलत नाही. "यांचे शर्ट पिवळे पडलेत हो," म्हणाली. म्हटलं, "साबण कुलपात आहे. किल्ली तुमच्याच घरी असेल, बघा." गाठोडं ठेवून, मान खाली घालून गेली. लागलं असेल. लागू दे.

१९ मार्च

दादा आईच्या खोलीत, शेगडीवर, पातेल्यात साबण शिजवतोय! कुणी विचारलं तर आईचा काढा. आई अंथरुणातून म्हणते, "हा काढा पाजलात तर आतून धुऊन निघेन मी." तयार वड्या लाकडांच्या ढिगाखाली लपवल्यात. गावाला पुढे लागतील, तोवर हात लावायचा नाही — दादाची ताकीद.

२६ मार्च

आईची पाठ त्या कळकट चादरीनं सोलून निघाली होती. मला बघवेना. एक वडी काढली, चादर धुतली, सवयीनं नीळही दिली आणि गच्चीवर वाळत घातली. मळक्या गावात ती एकटी पांढरी चादर पार चौकीतून दिसली.

कुलूपसाहेब आला. पातेलं लाथेनं उडवलं, दादाला धरलं. सगळ्यांदेखत म्हणाला, "अख्ख्या गावात एकच चोर निघाला. याला बोटीनं पलीकडच्या तुरुंगात पाठवतो." लाकडांखाली त्यानं पाहिलं नाही.

जन्मभर कपडे वाळत घालणारी बाई मी, आणि एवढं सुचू नये! संताप संताप होतोय, साहेबाचा आणि माझाही.

२७ मार्च

चौकीवर गेले. माफी मागून कर भरला तर आजच सोडतील, असं शिपाई सांगत होता. दादानं त्याच्याकडे पाठ केली. मला म्हणाला, "चादर पांढरी निघाली का नीट?" म्हटलं, शुभ्र. हसला. बोट परवा दुपारी सुटणार.

२८ मार्च

एकच चोर काय? बघूच.

गाठोडी आज मीच घरोघरी पोहोचवली, प्रत्येकात एक वडी. "अर्धी कापून शेजारी द्या. चादर धुवा. उद्या उजाडताच वाळत घाला, रस्त्याच्या बाजूला." न्हाव्याच्या आईनं वडी हुंगली. "आणि धरून नेलं तर गं?" म्हटलं, सगळ्यांना बसवायला एवढी मोठी बोट नाही त्यांच्याकडे. तिनं वडी पदराखाली घेतली.

कुलूपसाहेबाच्या बायकोला तिचं गाठोडं तेवढं दिलं, वडी न घालता. तिनं माझ्या हातातली बाकीची गाठोडी निरखून पाहिली. वास आला असणार. ही आता नवऱ्याला सांगणार.

२९ मार्च

उजाडताच गच्चीवर गेले. समोर, मागे, थेट बंदरापर्यंत पांढऱ्या चादरी. चौकीमागच्या अंगणातही एक! कुलूपसाहेब पायरीवर उभा होता आणि त्याची बायको त्याच्यासमोर चादरीला चिमटे लावत होती. तिला मी वडी दिली नव्हती.